भंडारा जिल्ह्यातील ढिवर समाज : जीवन, श्रद्धा आणि गरजा

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभीच्या प्रवेशकात एक धीवर आपणांस भेटतो. रोहित माशाच्या पोटात त्यास राजाची अंगठी सापडलेली असते. ती विकावयास निघाला असता राजपुरुष त्यास बांधून आणतात, त्याच्या धंद्याची थट्टा करतात आणि अंगठी त्याने चोरलीच असली पाहिजे असे गृहीत धरतात. पुढे त्याची सुटका होते, बक्षीसही मिळते. परंतु पाण्यातून जे हाती आले ते आपण कसे मिळविले, हे सिद्ध करण्याचा भार अखेरपर्यंत त्याच्याच शिरावर राहतो. कालिदासाच्या या धीवराचे नाव ज्या समाजाने ‘ढिवर’ या रूपात आजवर चालविले आहे, तो समाज वैनगंगेच्या खोऱ्यात फार मोठ्या प्रमाणावर वसलेला आहे. आणि सिद्धतेचा तो भारही त्याच्या शिरावरून अद्याप उतरलेला नाही.

प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील ढिवर समाजाचे जीवन, त्याच्या श्रद्धा व त्याच्या गरजा यांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे. या समाजाविषयी लिहिताना दारिद्र्य, निरक्षरता, व्यसने अशी एक ठरावीक यादी देऊन थांबण्याची प्रथा पडून गेली आहे. त्या यादीतील बाबी खोट्या नाहीत. परंतु ते परिणाम आहेत, कारणे नव्हेत. आमच्या मते मूळ वस्तुस्थिती अशी की, ढिवराचे शेत पाण्याखाली आहे आणि त्या शेताची नोंद त्याच्या नावे कोठेही नाही. त्याचे ज्ञान, त्याचा संयम आणि त्याचे दैन्य या तिन्ही गोष्टींचा उलगडा या एका वस्तुस्थितीच्या आधारे बऱ्याच अंशी होऊ शकतो.

१. भूमी आणि जलाशय

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा भंडारा जिल्ह्याची जीवनरेखा आहे. बावनथडी, सूर, कन्हान व चुलबंद या नद्या तिला मिळतात. पाऊस वर्षाकाठी सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पडतो; परंतु तो चार महिन्यांत पडून जातो, आणि भूमी चढउतारांची व खाली कठीण खडकाची असल्यामुळे पाणी अडविल्यावाचून राहत नाही. म्हणून येथे जुन्या काळापासून तलाव बांधले गेले. दोन टेकड्यांच्या किंवा उंचवट्यांच्या मधली जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा आणि पाटाने खालच्या धानाच्या बांध्यांस पाणी द्यावयाचे, अशी ही साधी पण अचूक रचना होय. लहान जलाशयास येथे ‘बोडी’ म्हणतात.

हे तलाव बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाकडे जाते. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावयाची, असे गोंड राजांचे धोरण होते अशी परंपरा आहे. चांदा जिल्ह्याच्या १८६९ सालच्या बंदोबस्त अहवालात मेजर ल्यूसी स्मिथ यांनी तिची नोंद केली आहे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे मानले जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तलाव नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला. परंतु समाजजीवनाच्या दृष्टीने दोन्ही जिल्हे आजही एकच प्रदेश होत. इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या बंदोबस्ताने मालगुजारांस गावावर मालकीहक्क मिळाले व तलाव त्यांच्या ताब्यात आले. मालगुजारी गेल्यानंतर या तलावांस ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि संक्षेपाने ‘मामा तलाव’ हे नाव पडले. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या ६,००० हून अधिक आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तलावाचा इतिहास लिहिताना तो बांधणाऱ्या कोहळ्याचा, जमीन देणाऱ्या राजाचा आणि ताबा असलेल्या मालगुजाराचा उल्लेख होतो. त्या तलावात वर्षातून निम्मे दिवस उतरणाऱ्या ढिवराचा उल्लेख क्वचितच होतो. पाळीच्या बाहेरचा तलाव, म्हणजे त्यावर भिजणारी शेती, हा महसुलाचा विषय असल्यामुळे कागदावर आला. पाळीच्या आतला तलाव कागदावर आला नाही.

२. नाव, पोटभेद आणि वर्गवारी

‘धीवर’, ‘ढिवर’, ‘ढिमर’ ही एकाच शब्दाची रूपे होत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जातीजमातींवरील ग्रंथात ‘ढिमर’ या नोंदीखाली या समाजाची माहिती येते. १९११ च्या शिरगणतीनुसार मध्य प्रांत व वऱ्हाड मिळून त्यांची संख्या सुमारे २,८४,००० होती. त्या ग्रंथात दिलेली पोटभेदांची नावे मोठी बोलकी आहेत. शिंगाडा लावणारे ते सिंगारिया, झिंगे धरणारे ते झिंगा, गळाने मासे पकडणारे ते बनसिया, सणाचे दोर वळणारे ते बंधैया, धान्य भाजून विकणारे ते धुरिया, नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारे ते सोनझरा. ही विभागणी रक्ताची नसून कसबाची आहे, हे उघड आहे. त्यापैकी काही पोटभेद पुढे स्वतंत्र जातींसारखे वागू लागले. परंतु मूळ सूत्र पाण्याशी व पाण्याकाठच्या उद्योगाशी बांधलेले दिसते. पालखी व मेणा वाहणे हाही या समाजाचा एक जुना व्यवसाय. त्यामुळे भोई समाजाशी त्याचा निकटचा संबंध मानला जातो.

महाराष्ट्र शासनाच्या सूचीत ढिवर हे भोई व तत्सम जातींसमवेत ‘भटक्या जमाती (ब)’ या प्रवर्गात मोडतात. या प्रवर्गास २.५ टक्के आरक्षण आहे. या वर्गीकरणातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. जो समाज पिढ्यान्पिढ्या एकाच तलावाच्या काठी राहिला, ज्याचे सारे ज्ञान एका विशिष्ट पाण्याचे ज्ञान आहे, त्यास शासकीय परिभाषेत ‘भटका’ म्हटले जाते. अनुसूचित जमातींत समावेश व्हावा अशी या समाजाची मागणी अनेक वर्षांपासूनची आहे. तिच्या युक्तायुक्ततेची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु एवढे खरे की १९३१ नंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती व जमाती सोडून इतर जातींची मोजदाद प्रसिद्ध झालेली नसल्यामुळे ढिवरांविषयीचे कोणतेही विधान आकड्यांनी पडताळून पाहता येत नाही. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. त्यांत ढिवर किती, हे त्या जनगणनेतून कळत नाही. पुढील जनगणनेत जातवार नोंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. या समाजाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

३. उपजीविकेचे वर्ष

शेतकऱ्याप्रमाणे ढिवराचेही वर्ष मृगापासून सुरू होते, पण वेगळ्या अर्थाने. पहिल्या जोरदार पावसाने ओढ्यांना पूर येतो आणि तलावातले मासे वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने अंडी घालण्यासाठी चढू लागतात. हेच चढणीचे मासे. या दिवसांत ते धरणे सोपे असते. आणि म्हणूनच या दिवसांत किती धरावे व किती जाऊ द्यावे, यावर पुढचे सारे वर्ष अवलंबून असते. मरळ या माशाची रीत आणखी निराळी. तिची लालसर पिल्ले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि पालक मासा खालून त्यांची राखण करतो. जाणत्या ढिवरास तो थवा दुरून ओळखता येतो. राखण करणारा मासा मारला तर पिल्लांचा निभाव लागत नाही, हे मत्स्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक न वाचताही त्यास ठाऊक असते.

पावसाळ्यात शिंगाड्याची रोपे तलावात लावली जातात आणि शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत फळे काढली जातात. कमरेइतक्या, छातीइतक्या पाण्यात तासन्तास उभे राहून काटेरी फळे वेचणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. धानाची कापणी झाल्यावर, तलावांतील पाणी ओसरू लागले म्हणजे मासेमारीचा मुख्य हंगाम येतो आणि तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. नदीकाठचे ढिवर डोंग्यातून जाळी टाकतात. तलावाकाठचे फेकजाळे, गळ व बांबूचे सापळे वापरतात. पूर्वी जाळी सणाच्या किंवा सुताच्या दोऱ्याने घरीच विणली जात. आता नायलॉनची तयार जाळी बाजारातून येतात. उन्हाळ्याचे अखेरचे दिवस व पावसाळ्याचे पहिले दिवस हा हाताला काम नसण्याचा काळ. तेव्हा मजुरीसाठी शहरांकडे जावे लागते.

जंगलालगतच्या गावांत या समाजाचा आणखी एक परंपरागत उद्योग आहे, तो टसर म्हणजे कोशाच्या रेशमाचा. ऐन व अर्जुन या झाडांवर अळ्या सोडून, पाखरांपासून व मुंग्यांपासून त्यांची रात्रंदिवस राखण करून कोश तयार केले जातात. मोहाडी तालुक्यातील आंधळगावासारख्या गावी विणले जाणारे कोशाचे वस्त्र प्रसिद्ध आहे. विणकराचे नाव त्या वस्त्राशी जोडले जाते, कोश वाढविणाऱ्या ढिवराचे जोडले जात नाही.

या अर्थव्यवस्थेत स्त्रियांचे स्थान समजून घेतल्यावाचून तिचे स्वरूप कळणार नाही. मोठा मासा पुरुष धरतात व तो व्यापाऱ्याकडे किंवा संस्थेकडे जातो. झिंगे, लहान मासे, तलावातील कंद व भाजी हे स्त्रियांच्या हाती असते. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणारी ढिवर स्त्री जे विकते त्यातून मीठ-मिरची येते आणि न विकलेले घरी शिजते. म्हणजे मोठ्या माशाचा हिशेब वहीत मांडला जातो, तर लहान माशाचा हिशेब घरातल्या मुलांच्या पोषणात दिसतो. लहान मासे तलावातून नाहीसे झाले तर कोणत्याही वहीत तोटा दिसत नाही, हे या ठिकाणी आवर्जून सांगावयास हवे.

४. श्रद्धा

ढिवरांचा धर्म हा झाडीपट्टीतील इतर बहुजन समाजांच्या धर्माहून फारसा वेगळा नाही. गावाची मातामाय, मारोती, घरातले कुळदैवत, कृष्णजन्माष्टमीस कान्होबाची मातीची मूर्ती बसवून तिचे जलाशयात विसर्जन करणे, पोळा, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई आणि तीत रात्रभर चालणारी दंडार व खडीगंमत, या सर्वांत ढिवर सहभागी असतात. वैनगंगा ही त्यांस माय आहे. तिच्या काठच्या आंभोरा या संगमस्थानी मोठी यात्रा भरते. शके १११० मध्ये मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ येथेच रचला असे विदर्भात मानले जाते. वाल्मीकी ऋषींस व रामास गंगापार नेणाऱ्या निषादराज गुहास पूर्वज मानण्याची भावना या समाजात आहे आणि वाल्मीकी जयंती आता समाजसंघटनेचा एक प्रसंग बनली आहे.

तथापि काही आचार या समाजाच्या व्यवसायाशी निगडित आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. टसरच्या अळ्या झाडावर असताना राखण करणाराने शुचिर्भूत राहावे, मांसाहार व स्त्रीसंग वर्ज्य करावा, पायांत वहाणा घालून त्या झाडांखाली जाऊ नये, असे निर्बंध परंपरेने पाळले जात. अळ्या रोगाने झपाट्याने मरतात. त्यामुळे या निर्बंधांत श्रद्धेचा भाग किती आणि अनुभवाचा भाग किती हे सांगणे कठीण आहे. नवेगाव बांधच्या परिसरात तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलासच कोलासुर म्हणून देवत्व प्राप्त झाल्याची परंपराही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. पाणी अडविणारा मनुष्य देव होतो, ही कल्पना ज्या समाजात रुजली त्याची जलाशयाकडे पाहण्याची दृष्टी केवळ उत्पन्नाची नसणार, हे उघड आहे.

शुद्धाशुद्धतेच्या जुन्या कल्पनांतही ढिवराचे स्थान चमत्कारिक आहे. मासेमारीमुळे त्याचा धंदा हलका गणला गेला. उलटपक्षी त्याच्या हातचे पाणी उच्च मानलेल्या जातींस चालत असे आणि म्हणून पाणी भरण्याचे काम त्याच्याकडे येई. त्याने लावलेल्या शिंगाड्याचे पीठ एकादशीच्या फराळास चालते. समाजाने त्याचे श्रम पवित्र मानले, त्यास स्वतःस मात्र दूर ठेवले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या श्रद्धाजीवनात दोन नवे प्रवाह मिसळले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक प्रार्थना व ग्रामसेवेचा संस्कार गावोगाव नेला. नागपूरचे बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाने एकेश्वरोपासना, अंधश्रद्धांचा त्याग व दारूबंदी यांचा आग्रह धरला आणि नागपूर-भंडारा भागातील अनेक श्रमिक कुटुंबांनी तो स्वीकारला. बाहेरून पाहणारास हा दैवतांचा बदल वाटेल; घरातल्या स्त्रीच्या दृष्टीने तो दारू सुटण्याचा मार्ग असतो. धर्मांतर्गत परिवर्तनाचा अभ्यास करणारांनी ही बाजू विसरू नये.

या श्रद्धांमुळे निसर्गाचे रक्षण होत होते, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह अलीकडे पुष्कळांस होतो. तो टाळलेला बरा. अंडी घालणारा मासा सोडून देण्यात शहाणपण तेव्हाच असते, जेव्हा पुढच्या वर्षी तोच तलाव आपल्याच हाती असण्याची खात्री असते. ही खात्री होती तोवर संयम हा आचार म्हणून टिकला. ती गेल्यावर कोणत्याही श्रद्धेस तो टिकविता आला नाही. सामायिक संपत्तीचा वापर तीवर जगणारे लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात, मात्र नियम करण्याचा त्यांचा हक्क वरच्या सत्तेने मानला पाहिजे, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरच्या उदाहरणांनी दाखविले. भंडाऱ्याचे तलाव त्या सिद्धांताची उलट्या बाजूने साक्ष देतात. तेथे नियम होते, नियम जाणणारे लोकही होते. फक्त त्यांचा हक्क मानणारे कोणी नव्हते.

५. पाणी कोणाचे, मासा कोणाचा?

मध्य प्रदेश मालकीहक्क निर्मूलन अधिनियम १९५० साली झाला आणि १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही. तलावांची डागडुजी होई ती पुष्कळदा वेठीच्या श्रमांनी. परंतु मालकाबरोबर डागडुजीची व्यवस्थाही गेली. तलाव शासनाकडे आले. गावकऱ्यांचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले होते. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर लहान तलाव त्यांच्या देखरेखीखाली आले. गाळ साचत गेला, पाळी खचल्या, कोरड्या पडणाऱ्या भागावर अतिक्रमणे झाली. बेशरम नावाच्या परदेशी झुडपाने काठ व्यापले.

आज एकाच तलावाचे किती भाग झाले आहेत ते पाहावे. तळ शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा. पाणी लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचे. मासा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थेचा. तलाव वनजमिनीत असेल तर तेथे वनखात्याचे नियम. शेतकऱ्यास धानाच्या अखेरच्या पाण्यासाठी, आणि उन्हाळी धान असेल तर त्यासाठीही, तलाव रिता झालेला चालतो. मासा जगावयाचा तर तळाशी काही पाणी राहिलेच पाहिजे. शेतकरी व ढिवर यांच्यातील हा विरोध स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ज्यास पाण्यावर मत नाही त्यास माशावर ठेका देणे म्हणजे झाडावर हक्क न देता फळांचा लिलाव करण्यासारखे होय.

मत्स्य सहकारी संस्थांनी या समाजास बरेच काही दिले, हे नाकारता येणार नाही. व्यापाऱ्याच्या सावकारीतून काही अंशी सुटका झाली, संघटनेचा अनुभव मिळाला. परंतु ठेका मुदतीचा असतो, आणि मुदतीत गुंतवणूक वसूल करणे भाग पडते. सभासदत्व बहुधा पुरुषांच्या नावे राहिले. त्यातच मत्स्योत्पादनाचे नवे तंत्र आले. १९५७ साली ओरिसात हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि रोहू, कटला व मृगळ यांचे बीज देशभर उपलब्ध होऊ लागले. हे मासे लवकर वाढतात, बाजारात भाव घेतात. परंतु साचलेल्या तलावात ते सहसा प्रजनन करीत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत आणावे लागते. उलट मरळ, मांगूर, शिंगी व लहान स्थानिक मासे तलावात स्वतःच वाढत असत. ते ढिवराचे घरचे बियाणे होते. कालिदासाच्या धीवरास ज्याच्या पोटात अंगठी सापडली, तो रोहित म्हणजेच रोहू आज ढिवराच्या कर्जाच्या खात्यातही सापडतो.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथील ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने या बाबतीत केलेले काम अभ्यासकांनी लक्षात घ्यावे. ढिवर स्त्रीपुरुषांच्या स्मृतीतून तलावातील वनस्पती व माशांची माहिती गोळा करून, बेशरम काढून, तळाशी नांगरट करून आणि गाद, चिला यांसारख्या स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावून तेथे तलाव पूर्ववत करण्याचे प्रयोग झाले. वनस्पती आल्या म्हणजे माशांना अंडी घालावयास जागा व पिल्लांना आसरा मिळतो, पक्षीही येतात. यंत्राने गाळ उपसून तळ सपाट करणे म्हणजे तलावाचे पुनरुज्जीवन, ही समजूत किती अपुरी आहे हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

६. गोसीखुर्द

तलावाकाठच्या ढिवराचा प्रश्न हक्काचा आहे. नदीकाठच्या ढिवराचा प्रश्न त्याहून तीव्र आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द येथे बांधलेल्या इंदिरासागर प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली. या धरणाने नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावे विस्थापित केली. २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर झाले.

पुनर्वसनाचे गणित जमिनीवर आणि घरावर चालते. ज्याची जमीन बुडाली त्यास मोबदला मिळतो. ज्याचे डोह बुडाले, त्याचे काय बुडाले हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? वाहत्या नदीतील डोह, उथळे, वाळूचे पट्टे यांची माहिती पिढ्यांनी साठविलेली असते. विस्तीर्ण जलाशयात ती निरुपयोगी ठरते. तेथे खोल पाण्याची जाळी व मोठ्या नावा लागतात. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येते आणि पाण्याबरोबर माशांचीही प्रत बिघडते. इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी करून १९६९ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हापासून विस्थापन हा मराठी समाजशास्त्राचा विषय आहे. परंतु भूमिहीन जलजीवी समाजाचे विस्थापन मोजण्याची पद्धत आपण अद्याप पुरती घडविलेली नाही.

७. गरजा

वरील विवेचनावरून या समाजाच्या गरजांचा क्रम लावता येईल. प्रथम गरज हक्काच्या नोंदीची. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जलाशयातील मासे व इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. परंतु तो वनजमिनीपुरता. आणि अनुसूचित जमातीचा नसलेल्या दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. योग्य स्तरावरील पंचायतींकडे लहान जलाशयांचे नियोजन सोपविणारा १९९६ चा पेसा कायदा केवळ अनुसूचित क्षेत्रास लागू आहे. भंडारा त्यात नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. कर्ज, विमा, वीज यांबाबत तिचा लाभ होऊ शकेल. पण व्यवसाय शेती ठरला तरी शेत कोणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरी गरज तलावात किमान पाणी राखण्याची आणि त्याविषयीच्या निर्णयात शेतकऱ्यांबरोबर ढिवर स्त्रीपुरुषांस स्थान देण्याची. तिसरी, ठेक्याची मुदत व अटी अशा ठेवण्याची की संयम करणाराचे नुकसान होऊ नये. चौथी, मासेमारी बंद असलेल्या दिवसांत कामाची, जेणेकरून मुलांची शाळा सोडून कुटुंबास स्थलांतर करावे लागणार नाही. शिक्षण, आरोग्य व व्यसनमुक्ती या गरजा कोणी कमी लेखणार नाही. परंतु उपजीविका स्थिर झाल्यावाचून त्या पुऱ्या होत नाहीत, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

शेवटी विद्यापीठांच्या कर्तव्याविषयी एक शब्द. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून ज्या गोष्टी ग्राह्य धरल्या आहेत, त्यांत गॅझेटियर, शिरगणतीचे व बंदोबस्ताचे अहवाल, निस्तार हक्कांच्या नोंदी आणि वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली निवेदने यांचा समावेश आहे. यांपैकी बहुतेक कागद ग्रंथालयांच्या व अभिलेखागारांच्या कपाटांत पडून आहेत. आणि वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला. त्याच मार्गाने पुढे जाऊन ढिवरांच्या बोलीतील मासे, जलवनस्पती, जाळी व पाण्याच्या अवस्था यांचा कोश गावोगाव बसून तयार करावा, प्रत्येक तलावाचा तोंडी इतिहास लिहून घ्यावा, जुन्या अहवालांतील उल्लेख गाववार वेगळे काढून ते ग्रामसभांच्या हाती द्यावेत. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. त्यातून प्रबंध होईल, आणि तोच एखाद्या गावाचा पुरावाही होईल. आपले पाणी आपले आहे हे सिद्ध करण्याचा भार धीवराने आजवर एकट्याने वाहिला. त्यातील निदान कागदाचा भार अभ्यासकांनी उचलावा, एवढीच अपेक्षा आहे.